आमच्या घरची आगबोट

मामंजी पेन्शनीत निघाले तेव्हा मी नुकतीच कल्याणहून ठाण्याला नांदायला आले होते. जन्मभर कचेरीत अव्वल कारकुनी केलेला माणूस, हाताखालच्यांवर हुकूम चालवायची सवय. आता हुकूम ऐकायला घरात उरलो आम्ही दोघी, सासूबाई आणि मी. सकाळी स्नानसंध्या आटोपली की ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहत. लाकडं चुलीच्या उजव्या हाताला का नाहीत, पाट आडवे का ठेवलेत, विळी अशी मधोमध कशाला, असं एकेक विचारत. एके दिवशी त्यांनी फडताळातल्या सगळ्या बरण्या उंचीप्रमाणे लावून ठेवल्या. त्या दिवशी आमटीत हळदीच्या जागी सुंठ पडली. मामंजींनी भुरका मारला, थबकले, आणि पुढचा भात ताकाशी कालवला. संध्याकाळी देवापुढे निरांजन लावताना मी त्यांना ऐकलं. "देवा, ह्यांना काहीतरी उद्योग दे रे बाबा. कसलाही दे."

देवाने उद्योग दिला, पण तो दिला खाडीकाठच्या पाटलांच्या हातून.

हे पाटील म्हणजे जुन्या आगरी घराण्यातले, मिठागरांचे मालक. कचेरीत कामाला येता येता मामंजींशी त्यांची दोस्ती जमली होती. अंगाने धिप्पाड, आवाज असा की ओटीवर बोलले तरी मागल्या विहिरीवर ऐकू यावं. एका दुपारी ते आले, घाम पुसला, गूळपाणी घेतलं आणि म्हणाले,

"रावसाहेब, आगगाडी ठान्याला आली, कल्यानाला गेली. मधल्या आमच्या गावांना तिनं काय दिलं? धूर!"

"मग काय करायचं म्हणता?" मामंजींनी विचारलं.

"आपुन आपला धूर काढू."

मुंबईच्या गोदीत त्यांनी एक छोटी आगबोट पाहिली होती. कुणा साहेबाने हौसेसाठी आणलेली, आता तो विलायतेला परत निघालेला. पाटलांचं म्हणणं असं की ठाण्याहून कल्याणपर्यंत खाडी आहे, काठाने गावं आहेत, गावांत माणसं आहेत आणि त्या माणसांना बाजार, कचेरी, सोयरीक सगळं आहे. ती माणसं शिडाच्या होडीत वाऱ्याची वाट बघत बसतात. आगबोटीला वारा लागत नाही.

मामंजी हे ऐकताना हळूहळू ताठ बसत गेले. दाराआडून मला त्यांची पाठ दिसत होती. पेन्शन घेऊन ओटीवर बसल्यापासून ती पाठ इतकी सरळ मी पाहिली नव्हती. पाटील गेल्यावर ते आत आले आणि म्हणाले, "आपण आगबोटीची कंपनी काढतो आहोत."

सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे इकडच्या स्वारीला रोज बाहेर जावं लागणार?"

"रोज."

"मग काढावी की!" सासूबाई म्हणाल्या.

घरात एकच माणूस विरुद्ध होता, आणि तो म्हणजे आमच्याकडचे. हे ठाणे स्टेशनात तिकीट मास्तर होते. खिडकीमागे बसून तिकिटं द्यायची, गाडी आली की फाटकाशी उभं राहून तिकिटं गोळा करायची. रेल्वेचा त्यांना भारी अभिमान. रात्रीच्या जेवणाला ही बातमी त्यांच्या कानावर पडली तेव्हा हातातला घास हातातच राहिला.

"बाबा, म्हणजे तुम्ही माझेच उतारू पळवणार?"

"तुझे कसे? उतारू काय स्टेशनात जन्माला येतात?" मामंजी म्हणाले. "ज्याला जसं सोयीचं तसं तो जाईल."

"पण गाडी वेळेवर जाते."

"आमचीही जाईल. वाढ गं सूनबाई, त्याला भात वाढ."

बोट आली ती चैत्रात. सगळं ठाणं बंदरावर लोटलं होतं. बायकांना एका बाजूला वडाच्या सावलीत उभं केलं होतं, तिथून मी पाहिली. माझ्या मनात आगबोट म्हणजे काहीतरी डोंगराएवढं होतं. ही तर आमच्या ओटी-पडवीएवढी! मध्ये बारीक, उंच, काळं धुराडं. सासूबाई पटकन म्हणून गेल्या, "अगं बाई, ही तर चुलीची फुकणी!" शेजारच्या चार बायकांनी ते ऐकलं, आणि झालं. मामंजींनी बोटीला नाव द्यायचं म्हणून किती डोकं खाजवलं होतं. पाटलांना त्यांच्या ग्रामदेवतेचं हवं होतं, मामंजींना आमच्या कुलदेवतेचं. दोघं एकमेकांना आग्रह करत राहिले आणि तोवर गावाने नाव ठेवून टाकलं. फुकणी ती फुकणीच.

पूजा झाली. मामंजींनी नारळ उचलला. त्याच वेळी बोट चालवणाऱ्या सारंगाला वाटलं, हाच मुहूर्त, आणि त्याने शिट्टी सोडली. अशी काही शिट्टी वाजली की नारळ मामंजींच्या हातातून सुटून खाडीत गेला, भटजी पंचपात्रीसकट दोन पावलं मागे सरले आणि बंदरावरचे मिठाच्या गाडीचे बैल गाडीसकट बाजाराच्या दिशेने निघाले. पाटील मोठ्याने हसले. "घेतला! खाडीनं आपल्या हातानं नारळ घेतला!" त्याबरोबर सगळं बंदर हसलं. भटजीसुद्धा हसले.

आता वेळापत्रकाचा प्रश्न आला. आगगाडीला घड्याळ असतं, खाडीला भरती-ओहोटी असते. भरतीला पाणी कल्याणच्या अंगाने चढतं तेव्हा वर जायचं, ओहोटी लागली की पाण्याबरोबर खाली यायचं. आणि भरती तर रोज थोडी थोडी पुढे सरकते. मग मामंजींनी तिथीप्रमाणे वेळापत्रक बांधलं. भरती तिथीवर चालते, हे खाडीकाठच्या पोराठोरांनाही ठाऊक असतं. प्रतिपदेला बोट अमुक वेळेला, पंचमीला अमुक, अष्टमीला पहाटे. ह्यांना ते ऐकून हसू आवरेना. "उद्या रेल्वेलाही एकादशीचा उपास करायला सांगू का?" मामंजी शांतपणे म्हणाले, "तुझ्या गाडीची वेळ पाहायला घड्याळ लागतं. माझ्या बोटीची वेळ पाहायला आकाशात चंद्र आहे. फुकट."

हे वेळापत्रक लाकडी फळ्यांवर लिहून धक्क्याधक्क्यावर लावायचं होतं. मामंजींचे डोळे अधू झालेले. मला माहेरी वडिलांनी लिहायला शिकवलं होतं, अक्षर बरं होतं, पण सासरी ते कुणाला सांगायची सोय नव्हती. एकदा वाणसामान आणायला म्हणून मी चिठोऱ्यावर चार ओळी लिहिल्या, त्या मामंजींच्या हाती पडल्या. त्यांनी चिठोरं डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं. मी दाराआड गार पडले. ते एवढंच म्हणाले, "सूनबाई, दुपारी जरा चुना आणि कुंचला घेऊन मागल्या पडवीत या."

तेव्हापासून वेळापत्रकाचे फळे मी लिहू लागले. कुणी लिहिले हे कुणाला सांगायचं नाही, असं ठरलं होतं. पण पाटलांनी एकदा विचारलंच. "रावसाहेब, ह्यो हात कोनाचा? मोत्यासारखा दिसतो." मामंजी म्हणाले, "आमच्या कंपनीचा." मी आत वाटण वाटत होते. त्या दिवशी वाटण फारच बारीक झालं.

बोट चालू लागली आणि खरंच चालली. भाजीवाल्या आल्या, कोंबड्यांच्या पाट्या घेऊन आगरणी आल्या, कचेरीत तारखेला जाणारे शेतकरी आले. डोंबिवली तेव्हा भातशेतातलं एक लहानसं खेडं होतं. तिथल्या धक्क्यावर बोटीची शिट्टी ऐकली की पोरं काठाने धावत सुटत. मामंजी रोज डोक्याला पगडी, खांद्यावर उपरणं घालून बोटीच्या तोंडाशी उभे राहत. चेहरा उन्हाने काळा पडला आणि भूक दुप्पट झाली. सासूबाई मला म्हणायच्या, "बरण्या बघ कशा सुखाने बसल्यात जागेवर."

जेवणाच्या पानावर मात्र लढाई चाले. हे म्हणायचे, "आज कल्याणची तिकिटं कमी गेली." मामंजी म्हणायचे, "आज आमच्यात उभं राहायला जागा नव्हती." हे म्हणायचे, "आमची गाडी चिखलात रुतत नाही." मामंजी म्हणायचे, "आमची बोट बोगद्यात काळी पडत नाही." आमच्या वाटेवर बोगदा होता की नव्हता, हे दोघांपैकी कुणीच पाहत नसे. खरा पेच माझा होता. माहेरी जायचं तर कशाने जाऊ? एकदा गाडीने गेले तर परतताना बोटीने आले, म्हणजे दोघांचाही मान राहिला.

पावसाळ्यात बोट बंद राहिली. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा निघाली. आणि नवरात्र आलं तेव्हा सासूबाईंनी स्वतःहून एक विचार काढला. आळीतल्या बायकांना घेऊन कल्याणच्या खाडीकाठच्या देवीला ओटी भरायला जायचं. बोटीत फक्त बायका. पुरुष म्हणजे सारंग, आगवाला, खलाशी आणि सोबतीला मामंजी नि पाटील. आम्हा बायकांना तेव्हा देऊळ आणि विहीर सोडली तर बाहेर जायला निमित्त कुठलं! नवऱ्यांनी कुरकुर केली, पण देवीचं नाव पुढे केल्यावर बोलतात काय?

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी निघालो. पाणी तुडुंब, काठाने भातं पिवळी पडायला लागलेली, आणि बोटीत सगळ्या नऊवारी लुगड्यांची दाटी. ज्या बाया रस्त्यात मान वर करत नसत त्या कठड्याला धरून वाऱ्यात उभ्या राहिल्या. एका विधवा काकूंनी तर पाण्यात हात घालून पाहिला आणि लहान मुलीसारखा आमच्या अंगावर उडवला.

देवीची ओटी भरली. मग माझ्या माहेरी सगळ्यांना फराळ होता. आईने नको नको म्हणताना पुन्हा पुन्हा वाढलं. मामंजी अंगणातून हाका मारत होते, "चला, ओहोटी लागली, चला!" आत बायका एकमेकींना कुंकू लावत होत्या. कुंकू लावून झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की हळद राहिली. निघालो तेव्हा उन्हं चांगली कलली होती.

मुंब्र्याच्या डोंगराखाली आलो आणि बोटीने एक उसासा टाकल्यासारखा आवाज केला. पुढे जाईना. मागे जाईना. चाक चिखल घुसळत होतं आणि पाणी डोळ्यांदेखत उतरत होतं. थोड्या वेळाने आम्ही खाडीत नव्हतोच, एका मोठ्या काळ्या चिखलाच्या पाठीवर बसलो होतो.

मामंजींचा चेहरा पडला. सगळ्या आळीच्या लेकीसुना त्यांच्या भरवशावर आलेल्या. ते हात जोडून म्हणाले, "घाबरू नका, मी काहीतरी करतो."

"घाबरलंय कोण?" सासूबाई म्हणाल्या. आणि मागे वळून, "बायांनो, बसून काय करायचं? भोंडला घाला."

भोंडल्याला मध्ये हत्ती लागतो. हत्तीच्या जागी धुराडं घेतलं. त्याभोवती फेर धरला, गाणी सुरू झाली. तेवढ्यात काठावरच्या रुळांवरून कल्याणची गाडी आली. चिखलात आगबोट आणि तिच्यावर फेर धरून गाणाऱ्या बायका बघून ड्रायव्हरने शिट्टीवर शिट्टी दिली. डब्याडब्यांतून माणसं डोकावली. आमच्या सारंगाला राहवलं नाही, त्यानेही उरलीसुरली वाफ शिट्टीत घातली. आमच्या आगबोटीने आगगाडीला दिलेली ती एकच सलामी.

पाटील धोतर खोचून चिखलात उतरले होते आणि जवळच्या वस्तीवर पोहोचलेही होते. चिखलावरून सरकत जाणाऱ्या दोन सपाट होड्या घेऊन ते परतले. त्यांच्यासोबत वस्तीवरच्या आगरणीही आल्या, गुडघाभर चिखल तुडवत, हसत. एकीच्या डोक्यावर झाकलेलं पातेलं होतं. आमचा भोंडला चाललेला बघून ती चिखलातूनच ओरडली, "खिरापत वळखा, मंग काढीन बाहेर!"

आम्ही एकेक नाव घेतलं. लाडू, खोबरं, साखरभात, वड्या. ती प्रत्येकाला मान हलवत राहिली. शेवटी तिनेच झाकण उघडलं. आत उकडलेल्या शेंगा होत्या, अजून गरम. सोवळ्याओवळ्याचा विचार कुणाच्या मनात आला असेल तर तो तोंडावर आला नाही. शेंगा सगळ्यांनी खाल्ल्या.

मग होड्यांतून काठाला, काठावरून चालत मुंब्रा स्टेशनात आणि तिथून गाडीने ठाण्याला. मामंजी मात्र बोट सोडून आले नाहीत. "माझी माणसं सुखरूप गेली, आता बोट सुखरूप आणीन," म्हणाले आणि खलाशांबरोबर भरतीची वाट बघत बसून राहिले.

ठाणे स्टेशनात कंदील लागले होते. फाटकाशी हे तिकिटं गोळा करायला उभे. गाडीतून पहिल्या उतरल्या सासूबाई, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात ओटीचं ताट. त्यांच्यामागे मी. माझ्यामागे सगळी आळी. ह्यांनी एकवार आमच्याकडे पाहिलं, एकवार मागच्या गाडीकडे.

"आई! बोट कुठाय?"

"बोट दमली," सासूबाई म्हणाल्या. "जरा टेकलीय. तुझी गाडी बरी आहे हो, पण फार हादरते."

मला वाटलं, आता हे पोटभर हसतील, वडिलांना ऐकवतील. पण सकाळी मामंजी बोट घेऊन बंदराला लागले तेव्हा धक्क्यावर हे उभे होते, हातात चहाची किटली आणि कोरडं धोतर. मामंजींनी चहा घेतला. नंतर घरी येताना हे हळूच म्हणाले, "बाबा, ड्रायव्हर सांगत होता, काल रुळावरून खाडीची फार शोभा दिसली म्हणे."

त्यानंतर बायका बोटीत पाऊल ठेवणार नाहीत, असंच सगळ्यांना वाटलं. झालं उलटंच. न आलेल्या बायका आलेल्यांवर रुसल्या. विहिरीवर मला हळूच विचारायच्या, "अगं, पुन्हा कधी रुतणार आहे गं?" त्या हिवाळ्यात फुकणीला श्वास घ्यायला सवड नव्हती. लग्नाची वऱ्हाडं, हळदीकुंकवाच्या फेऱ्या, पाटलांच्या मिठाच्या गोणी. फळ्यांवर मी जास्तीच्या फेऱ्या लिहीत होते.

त्या जास्तीच्या फेऱ्याच भोवल्या. बोटीच्या पोटातल्या बंबात वाफेसाठी गोडं पाणी भरायचं असतं. घाईघाईत ते भरायला वेळ मिळेना, तेव्हा खाडीचंच पाणी भरू लागले. सारंग शिडाच्या गलबतांवरून आलेला, त्यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मामंजींना नाही, पाटलांना नाही. पाणी ते पाणी. फाल्गुनात एके दिवशी कळव्याजवळ बोट थांबली ती थांबलीच. वल्ह्यांनी ओढत ठाण्याच्या बंदरात आणली. मुंबईहून एक पारशी मिस्त्री आला. त्याने बंब उघडला, आत हात घातला आणि मूठभर पांढरं काहीतरी बाहेर काढून मामंजींच्या हातावर ठेवलं. मीठ. आतल्या सगळ्या नळ्या मिठाने बुजल्या होत्या, पत्रा जागोजागी खाल्ला गेला होता. "साहेब, आता ह्याच्यामधी चाय बी नाय उकलवाची," मिस्त्री म्हणाला.

पाटलांनी ते मीठ चिमटीत घेतलं, जिभेवर ठेवलं. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"रावसाहेब," ते म्हणाले, "आमी पिढ्यान्‌पिढ्या उनात मीठ पिकवतो. हिनं आगीवर पिकवलं. आमच्याहून बरं हाय."

मामंजींनी हातावरचं मीठ खाली सोडलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वडाखालून वाटलं, रडताहेत. ते हसत होते. पाटीलही हसू लागले. दोघं म्हातारे त्या मेलेल्या बंबाशेजारी एकमेकांच्या पाठीवर थापा मारत हसत राहिले आणि पारशी मिस्त्री आपली हत्यारं पुसत त्यांच्याकडे बघत राहिला.

नवा बंब घालायचं कुणी म्हणालं नाही. वर्ष होत आलं होतं, हौस पुरी झाली होती. पाटलांनी धुराडं उतरवलं, यंत्र काढलं, त्या जागी डोलकाठी उभी केली आणि शीड चढवलं. आमची आगबोट मचवा होऊन मिठाच्या गोणी वाहू लागली. पहिल्या दिवशी वारा भरून ती बंदरातून निघाली तेव्हा पाटील म्हणाले, "पोटातलं जड गेलं. आता बगा कशी पळते!"

मामंजी आठवडाभर ओटीवर बसून राहिले. मग पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात दिसू लागले. सासूबाईंनी फार दिवस चालू दिलं नाही. आळीतल्या मुलींना अक्षरओळख करून द्यायची, असं त्यांनी मामंजींच्या गळ्यात घातलं आणि मागल्या पडवीत दुपारचा वर्ग सुरू झाला. शिकवायचं मामंजींनी, कित्ता घालायचा मी. पहिल्या दिवशी तिघी आल्या. पुढे पडवी पुरेना.

पुढच्या नवरात्रात बायकांनी कुणाला विचारलं नाही. सासूबाईंनी कळव्याच्या एका मचवेवाल्याला स्वतः बोलावून घेतलं, दाराआडून त्याच्याशी बोलणी केली आणि देवीला जायचा दिवस ठरवला. सकाळी भरतीला आम्ही निघालो तेव्हा मामंजी धक्क्यावर येऊन उभे राहिले, पगडी घालून, उपरणं घेऊन. आपल्याला बोलावतील असं त्यांना वाटत होतं.

सासूबाई मचव्यातून म्हणाल्या, "यायचं असेल तर यावं. पण घाई करायची नाही आम्हाला."

मामंजींनी वहाणा हातात घेतल्या आणि आत उतरले.